फेगडे सरांच्या जागी

प्रा. भास्कर फेगडे यांचे गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात जळगावात, पिंप्राळ्यातील राहत्या घरी निधन झाले. ते सकाळचा चहा घेऊन वर्तमानपत्र वाचत बसले होते. पत्नी कमलताई दुसरा कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा चष्मा नाकावरच होता आणि पान उलटायचे राहिले होते. आमच्या दैनिकात पाचव्या पानावर चार ओळींची बातमी आली. तिच्यात त्यांना 'संख्याशास्त्राचे अभ्यासक' म्हटले होते. ते चूक नव्हते, अपुरे होते.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि त्या माणसाच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. जो बसतो त्याला तेवढ्या दिवसापुरते पितर म्हणतात. सर गेल्यावरची पहिली आखाजी जवळ आली तशी फेगडेंच्या घरात एक गोष्ट ठरायची राहिली. सरांच्या जागी पाटावर कोण बसणार?

एरवी हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. शेजारचा, गल्लीतला, ओळखीतला कोणीतरी बोलावला जातो. इथे तो महिनाभर सुटला नाही. सर देवळात जात नसत, पण कमलताई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, मानणाऱ्या होत्या. पहिल्या आखाजीला चुकीचा माणूस बसला तर आपला माणूस उपाशी उठतो, अशी त्यांची समजूत होती. आणि बरोबर माणूस कोणता, हे ठरवणे या घरात सोपे नव्हते. एकाच्या जागी दुसरे येते म्हणजे नेमके काय होते, या एकाच प्रश्नामागे या घरातल्या माणसाने अर्धे आयुष्य घालवले होते.

सर मूळचे रावेर तालुक्यातले. वडिलांची केळीची बाग होती. व्यापारी बागेच्या कडेला उभा राहून पहिल्या ओळीतला घड पाहायचा आणि त्यावरून सगळ्या बागेचा भाव बोलायचा. कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त, तिथला घड नेहमी हलका. वडील व्यापाऱ्याचा हात धरून त्याला मधल्या ओळींत न्यायचे. संख्याशास्त्रातला 'प्रातिनिधिक नमुना' आपण तिथे शिकलो, कॉलेजात फक्त त्याचे नाव कळले, असे सर सांगत. ते पुढे जळगावच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवू लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण त्यांची ओळख झाली ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवणारे सर म्हणून. त्या वर्गात सगळ्या विषयांची मुले एकत्र बसत: इतिहासाची, गणिताची, मराठीची, कायद्याची, कॉम्प्युटरची. जळगावात आठवडाभर आणि शनिवारी धुळ्याला, एसटीने.

त्याच वर्गात त्यांना तो शब्द भेटला. राज्यशास्त्राची एक मुलगी ग्रामसभेतल्या प्रतिनिधित्वावर बोलत होती. मागच्या बाकावरचा गणिताचा मुलगा म्हणाला, "सर, आमच्यातही हाच शब्द आहे. पण आमच्यात निवडणूक नसते." वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला आणि त्याला विचारले, "मग तुमच्यात काय असतं?"

त्यानंतर दर वर्षी पहिल्या तासाला सर इंग्रजीतला तो एक शब्द, 'रिप्रेझेंटेशन', फळ्यावर लिहीत आणि प्रत्येकाला विचारत, तुझ्या विषयात याचा अर्थ काय. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणे, लोकांच्या वतीने सभागृहात बसणे. मराठीचा म्हणे, चित्रण. मानसशास्त्राची मुलगी सांगे, बाहेरच्या वस्तूचे मनात जे काही उभे राहते ते. कॉम्प्युटरवाला सांगे, आकडे असोत की फोटो, सगळे शून्य आणि एकमध्ये बसवणे. वकिली करून पीएच.डी. करणारे एक गृहस्थ म्हणाले होते, आजोबांच्या आधी बाप गेला तर वाटणीत बापाच्या जागी नातू उभा राहतो, त्याला आमच्यात हाच शब्द आहे. कोणाचेच उत्तर सर चूक ठरवत नसत. शेवटी विचारत, "जागेवर काय ठेवलं, ते कळलं. ठेवलं कोणी? आणि ज्याच्या जागी ठेवलं त्याला विचारलं होतं का?"

गणिताच्या मुलाचे उत्तर त्यांना सर्वांत आवडे. तो म्हणाला होता, "आम्ही मूळ वस्तूच्या जागी आकड्यांचा एक चौकोन ठेवतो. तो मूळ वस्तूसारखा अजिबात दिसत नाही. फक्त गुणाकार बिघडायला नको. तिथं दोन वस्तू मिळून जे होतं तेच इथं त्यांच्या चौकोनांचंही व्हायला पाहिजे." सर हे वाक्य इतरांना ऐकवत आणि पुढे म्हणत, "तोंड जुळलं नाही तरी चालतंय. वागणं जुळलं पाहिजे."

वर्गाबाहेरही या शब्दापासून त्यांची सुटका नव्हती, समोरच्याचीही नव्हती. बोलण्यात 'आम्हाला सगळ्यांना' असे कोणी म्हटले की ते शांतपणे विचारत, "सगळे म्हणजे कोण कोण?" कोणी ठामपणे काही मागितले की, "कोणाच्या वतीनं?" कॉलनीच्या बैठकीत नळाला पाणी येत नाही म्हणून एक जण तावातावाने बोलत होता. सरांनी 'कोणाच्या वतीनं' विचारले, तर तो चिडून म्हणाला, "माझ्या बायकोच्या!" सर म्हणाले, "मग ठीक आहे. बोला." पिंप्राळ्याच्या बाजारात भाजीवाली भरताचे एक वांगे चिरून दाखवायची. "बघा सर, आतून कसं पांढरं. बाकीची अशीच." सर विचारत, "हे तू न बघता उचललंस की निवडून?" ती म्हणायची, "सर, तुम्ही काकूंना पाठवत जा."

मला त्यांनी पहिल्या भेटीत विचारले होते, "तुमच्या बातमीच्या सुरुवातीला नावाच्या जागी काय छापतात?"

"प्रतिनिधी."

"कोणाचे?"

मी पेपरचे नाव सांगितले. सर म्हणाले, "मला वाटलं वाचकांचे." आणि चहा मागवला.

धुळ्याच्या बसचा किस्सा जुन्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. शनिवारी परतीच्या गाडीला गर्दी असे. गाडी फलाटाला लागली की सर खिडकीतून पांढरा रुमाल आत टाकत आणि मग सावकाश दाराने चढत. ही खानदेशातल्या सगळ्या बसस्थानकांवर चालणारी पद्धत. जागेवर रुमाल असला की ती जागा धरलेली. एका शनिवारी सर चढून जागेपाशी पोचले तर तिथे एक गृहस्थ बसलेला आणि रुमाल त्याच्या मांडीवर घडी करून ठेवलेला.

सर म्हणाले, "इथं रुमाल होता."

"होता ना. हा घ्या."

"रुमाल म्हणजे मी होतो."

"रुमाल रुमाल असतो, काका. माणूस कुठं होता?"

गाडीतले बाकीचे सरांच्या बाजूने बोलू लागले. "ओ भाऊ, उठा, त्यांनी जागा धरली होती." सरांनी त्यांना थांबवले. पारोळ्यापर्यंत ते दांडीला धरून उभे राहिले. त्यांच्याबरोबर असलेला विद्यार्थी सांगतो की सर सबंध वाटभर खुशीत होते. सोमवारी जळगावच्या वर्गात ते अख्खा तास त्या रुमालावर बोलले. "रुमालाला अधिकार दिला कोणी? मी. पण नुसतं मी देऊन भागत नाही. समोरच्यानंही तो मान्य करावा लागतो. त्यानं केला नाही, त्या क्षणी तो साधा कापडाचा तुकडा झाला." एका मुलीने विचारले, "मग सर, बाकीचे तुमच्या बाजूनं भांडत होते, त्यांना का थांबवलंत?" सर म्हणाले, "त्यांना मी निवडलं नव्हतं."

धुळ्याच्या चर्चासत्राची हकिकत मात्र आमच्याच दैनिकाच्या चुकीतून घडली. तिथल्या एका महाविद्यालयाने सरांच्या सांगण्यावरून वेगवेगळ्या ज्ञानशाखांतल्या प्रतिनिधित्वावर एक दिवसाचे चर्चासत्र ठेवले. प्रसिद्धिपत्रक आले. पानावर जागा कमी होती. मथळा छापून आला: 'धुळ्यात उद्या प्रतिनिधींचे चर्चासत्र'.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारात विम्याचे दोन एजंट आले. औषध कंपनीचा एक माणूस टाय लावून, बॅग घेऊन आला. साक्रीकडच्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य आला. आणि एक म्हातारे बाबा आले, हातात कागद घेऊन. लोकप्रतिनिधी येणार आहेत असे त्यांना कोणीतरी वाचून दाखवले होते, आणि त्यांना वस्तीच्या रस्त्याचे निवेदन द्यायचे होते.

प्राचार्य घाबरले. "सर, जेवण मोजून सांगितलंय. यांना काय करायचं?"

सर म्हणाले, "कमी पडलं तर आपण अर्धं जेवू. यांना परत पाठवायचं तर विषय बदलावा लागेल."

पाचही जणांना पुढच्या रांगेत बसवण्यात आले. उद्घाटनाच्या भाषणानंतर सरांनी पहिले बोलायला त्या बाबांना उभे केले आणि निवेदन वाचायला लावले. मग सभागृहाला सांगितले, "सरकारी इंग्रजीत अशा निवेदनालाही आपलाच शब्द आहे. म्हणजे बाबा विषयाला धरून आलेत. आपलं काय ते बघू." दुपारी विम्याच्या एजंटांपैकी एक उठला. त्याला बोलायची सवय होती. तो म्हणाला, "साहेब, मी कंपनीचा माणूस. हप्ता घेताना मी गोड. पण क्लेम अडकला की लोक कंपनीला शिव्या देत नाहीत, माझ्या घरी येतात. एकदा तर तेराव्याच्या जेवणाला बसलो होतो, तिथून उठवलं मला."

सभागृह हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "उठवल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? उठलो. कंपनी थोडीच उठणार आहे?"

राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी नंतर कबूल केले की दिवसभरात लक्षात राहिले ते हे एकच. जेवण पुरले की नाही, याबद्दल आयोजकांची माहिती एकमेकांशी जुळत नाही. म्हाताऱ्या बाबांचे निवेदन सरांनी स्वतः संबंधित कचेरीत पोचवले. रस्ता झाला का, याची मला खात्री करता आलेली नाही.

सर एक गोष्ट मात्र तासाला कधीच फळ्यावर मांडत नसत, नुसती सांगत. ती धरणगावची होती आणि त्यांच्या तरुणपणची. किशोर नावाचा एक विद्यार्थी होता. त्याची आई गेल्यानंतरची पहिली आखाजी होती. सर भेटायला म्हणून त्याच्या घरी गेले होते. आईच्या जागी बसायला गल्लीतली एक बाई ठरली होती. तिच्या माहेरून वाईट बातमी आली आणि ती सकाळीच निघून गेली. दुसरी कोणी मिळेना, जिला-तिला आधीच कुठल्या तरी घरचे बोलावणे होते. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, सगळे वाढून तयार. बारा वाजून गेले. किशोर तोंड पाडून बसलेला. त्याची मोठी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, सगळ्यांकडे पाहिले आणि सरांना म्हणाली, "बठ मास्तर. सयपाक थंडा व्हई राहिना."

सर म्हणाले, "अहो, मी कसा? बाईमाणसाची जागा आहे."

आत्या म्हणाली, "बठ तू. तिले भूक लागनी व्हई."

सर पाटावर बसले. आत्याने त्यांना कुंकू लावले. जेवण झाल्यावर, त्या घरच्या रीतीप्रमाणे, तिने हात जोडून विचारले, "पोट भरनं का, बाई?"

सर इथपर्यंत सांगून थांबत. मग म्हणत, "मी त्या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं. तिच्यासारखा दिसत नव्हतो. तिनं मला निवडलं नव्हतं. मी तिचा नमुना नव्हतो, चित्र नव्हतो, वारस नव्हतो. तिचं पोट भरलं की नाही, हे मला कळायला काहीही मार्ग नव्हता. आणि मी म्हणालो, भरनं. किशोर भिंतीकडे तोंड करून रडला आणि मग जेवायला बसला." वर्गात कोणी या गोष्टीचा अर्थ विचारला तर ते सांगत, "तुमच्या विषयात बसत असेल तर मला सांगा. मी अजून शोधतोय." त्यानंतर आखाजीला त्यांना बरीच बोलावणी येत. कोणाचे वडील, कोणाचे काका, कोणाचा तरुण गेलेला भाऊ. सर एक घर घेत. काकू घरी चिडत, "आपल्या घरचं पुरण कोण खाणार?" सर म्हणत, "संध्याकाळी खातो ना. संध्याकाळी मी मीच असतो."

सुमित्रा पावरा त्यांच्याकडे आली ती निवृत्तीनंतरच्या काळात. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचे गाव. घरची शेती पावसावरची, उरलेले महिने आई-वडील मजुरीला. ती मराठीची विद्यार्थिनी होती. मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या आदिवासी स्त्रिया हा तिचा विषय आणि शीर्षकात शब्द होता 'प्रतिनिधित्व'. संशोधन समितीपुढे विषय मंजूर व्हायचा होता. सर त्या समितीवर बाहेरचे सदस्य होते. मराठीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "हा शब्द राज्यशास्त्राचा. साहित्यात आपण चित्रण म्हणतो. बदलून घ्या, नाहीतर पुढच्या बैठकीत या." पुढची बैठक म्हणजे सहा महिने गेले, आणि तिची शिष्यवृत्ती नोंदणीवर अवलंबून होती.

सगळ्यांनी सरांकडे पाहिले. हा त्यांचा शब्द होता. सर म्हणाले, "विद्यार्थिनीला विचारा."

सुमित्रा उभी होती. म्हणाली, "चित्रण आहेच, सर. लेखकानं बघितलं, लिहिलं. पण त्या पुस्तकांचे सत्कार झाले तेव्हा भाषणात म्हणाले, हा आमच्या समाजाचा आवाज आहे. आवाज म्हटलं की मग ते आमच्या वतीनं बोलणं झालं ना? माझ्या आईला कोणी विचारलं नव्हतं. मला दोन्ही तपासायचंय."

थोडी चर्चा झाली. शीर्षक 'चित्रण आणि प्रतिनिधित्व' असे करून विषय मंजूर झाला. ज्येष्ठ प्राध्यापकांनी आपले मत नोंदवून ठेवले. बाहेर आल्यावर व्हरांड्यात सर तिला म्हणाले, "मी तुझ्या बाजूनं एक शब्दही बोललो नाही. राग आला?"

"आला होता. आता नाही."

"का?"

"तुम्ही बोलला असता तर तुमचा शब्द मंजूर झाला असता."

सर तिला घरी जेवायला घेऊन गेले. काकूंना म्हणाले, "हिला वाढ. ही माझ्याशी भांडणार आहे." पुढची चार वर्षे ती जळगावला आली की पिंप्राळ्यात उतरे आणि दोघे प्रकरणांवर भांडत. सर दुसऱ्याची वाक्ये कधी दुरुस्त करत नसत, खाली फक्त रेघ ओढत. काकू मध्येच येऊन म्हणत, "अहो, जेवून भांडा." तिचा प्रबंध सर गेल्यावर दोन महिन्यांनी मान्य झाला.

आता आखाजीचे. सरांना मुले नव्हती. पुतण्या प्रमोद पहूरला असतो. दुकान आहे, माणूस सरळ आहे, काकूंची काळजी घेणारा आहे. त्याने पहिले नाव सुचवले शेजारच्या वाणी गुरुजींचे. निवृत्त मुख्याध्यापक, सरांच्याच उंचीचे, तसेच टक्कल, तसाच काळ्या काडीचा चष्मा. मागून पाहिले तर कॉलनीतले लोक फसत. काकू म्हणाल्या, "दिसतात अगदी तसे. पण जेवताना बोलत बसतात. हे कधी बोलत नव्हते."

मग प्रमोदने समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष सुचवले. निवडून आलेले, सगळ्यांना चालणारे. ते भेटूनही गेले. "ताई, काळजी नको. समाजाच्या वतीनं मी बसतो." ते गेल्यावर काकू प्रमोदला म्हणाल्या, "यांनी दारातच विचारलं असतं त्यांना, सगळे म्हणजे कोण कोण." प्रमोद हसला, मग वैतागला. "काकू, दिवस जवळ आलाय. काकांना कोणीच चाललं नसतं. म्हणून काय पाट रिकामा ठेवायचा?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी सुमित्राला फोन केला. "पोरी, आखाजीला ये." सुमित्राला वाटले, स्वयंपाकाला हात हवा असेल. ती येते म्हणाली.

आखाजीच्या दिवशी मीही तिथे होतो. सकाळपासून ऊन होते. दिवाणखान्यात नवी घागर भरून ठेवलेली, वर डांगर, शेजारी सरांचा फोटो. पाट मांडला होता. पाटावर सरांचा पांढरा रुमाल घडी करून ठेवला होता. येणारे नातेवाईक तो पाहत आणि भिंतीकडेच्या सतरंजीवर बसत. वाणी गुरुजी आले, त्यांनी पाहिले, आणि तेही सतरंजीवर बसले.

सुमित्रा अकराच्या सुमारास आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. काकूंनी तिच्या हातातले लाटणे काढून घेतले. आत काय बोलणे झाले ते बाहेर ऐकू येत होते.

"काकू, मी कशी बसणार? मला तुमच्यातलं काही येत नाही."

"त्यांना तरी कुठं येत होतं? धरणगावला बाई होऊन बसले होते."

"सरांच्या वतीनं काही बोलावं लागेल?"

"एकच शब्द."

"आणि मला माहीत नसलं तर?"

"त्यांना तरी कुठं माहीत होतं?"

प्रमोद आत गेला. आवाज खाली ठेवून बोलत होता. "काकू, काय करू राह्यल्या तुम्ही? बाईमाणूस. आणि..."

"आणि काय? पूर्ण बोल."

प्रमोदने दारातून सतरंजीवरच्या लोकांकडे पाहिले.

"लोक उठून जातील, काकू."

"तू जाशील?"

तो बाहेर आला आणि घागरीजवळ उभा राहिला. भाऊबंदांपैकी दोघे उठून बाहेर गेले. त्यांतला एक फाटकापाशी विडी ओढून परत आला. दुसरा आला नाही.

काकू सुमित्राला घेऊन बाहेर आल्या. पाटावरचा रुमाल उचलून कमरेला खोचला. सुमित्रा बसली. काकूंनी तिला गंध लावले, पुरुषाला लावतात तसे, उभे. गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकला. ताट वाढले. प्रमोद आमरसाचे भांडे घेऊन आला आणि त्याने स्वतः वाढले. सुमित्रा खाली मान घालून जेवत होती. कोणीही बोलले नाही, वाणी गुरुजीही नाही. ती सबंध जेवण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

धरणगावची रीत या घरची नव्हती. तरी काकू ताटासमोर आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पोट भरलं का?"

सुमित्राने वर पाहिले.

"भरलं," ती म्हणाली.

काकूंनी ताट उचलले आणि आत नेले.